माहेरचा पत्ता

श्रेया बारामतीहून आली तेव्हा मी देवापुढच्या वाती वळत बसले होते. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर चपला काढून भिंतीला पाठ लावून बसली, पिशवी मांडीवर तशीच. नापास झालेलं पोर घरी येऊन बसतं ना, तशी. नापास ती झाली नव्हती. नापास झाली होती तिची वहिनी, आणि वहिनीला ते अजून कळायचं होतं.

"काय निघालं गं?" मी विचारलं.

"काही नाही निघालं, काकू."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. फरक नाही."

ओसरीवर तिचे वडील हिंदुराव आणि विजयसिंह तात्या चहा घेत होते. दोघांच्या बशा ओठांपाशीच थांबल्या.

आमची वस्ती बोरओढ्याची. सणसर मागं टाकून आत वळलं की ओढ्याच्या काठानं घरं आहेत, आणि घरांना चिकटून सगळा ऊस. हिंदुराव माझे थोरले दीर, बनाबाई माझ्या जाऊबाई. त्यांचा ज्ञानेश शेती बघतो, धाकटी श्रेया बारामतीच्या कॉलेजात संख्याशास्त्राचं शेवटचं वर्ष करते. मी कुशा. आमचे हे गेल्यापासून याच घरात, याच चुलीवर. विजयसिंह तात्या हिंदुरावांचे चुलतभाऊ. वस्तीतली सोयरीक असो की भांडण, शेवटचा शब्द त्यांचा.

ज्ञानेशची बायको प्रगती, काटेवाडीची. आमच्याकडं पहिली दोन्ही बाळंतपणं माहेरी करायची रीत आहे. प्रगती दोनदा सातव्या महिन्यात ओटी भरून गेली आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातांची झाली. पहिली मुलगी, सव्वा किलोची. चार दिवस काचेच्या पेटीत होती. दुसरा मुलगा. त्यानं डोळे उघडलेच नाहीत. त्यानंतर तिला आणायला इथून कुणी गेलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मग फारकतीचं बोलणं निघालं. अमावास्या टळली की काटेवाडीत बसायचं, कागद करायचा, असं ठरलं होतं.

तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच पहिल्यांदा पाण्याचं विचारलं होतं. वस्तीच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या म्हणाल्या. घेतलं. उसाला टाकलेल्या खताचा अंश त्यात उतरलेला, हद्दीच्या कितीतरी वर. हिंदुरावांनी तो कागद बघून बाजूला ठेवला. "ह्याच पाण्यावर आमी वाढलो. आमचा बाप वाढला. आता तेवढं तिच्या पोरांनाच बाधलं व्हय?"

तेव्हा श्रेया म्हणाली होती, "आबा, मी दाखवते. कॉलेजात मला प्रकल्प करायचाच आहे. वहिनीचा दोष नाही हे आकड्यानं दाखवते."

तिनं मला ते सगळं एकदा समजावलं होतं, लसूण सोलता सोलता. "आधी धरून चालायचं, काकू, की आपल्या वस्तीत वेगळं काही नाही. आपली बाळं तालुक्यातल्या बाकीच्या बाळांसारखीच. त्याला शून्य गृहीतक म्हणतात. मग आपल्या वस्तीच्या बाळांची जन्मवेळची वजनं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तालुक्याच्या सरासरीशेजारी ठेवून बघायची. थोडंफार कमीजास्त असणारच. प्रश्न एवढाच, की तेवढं कमीजास्त नुसत्या योगायोगानं होऊ शकतं का? होत असलं तर धरलेलं तसंच धरून ठेवायचं. योगायोगाला पेलणार नाही इतकं असलं, तर सोडून द्यायचं."

"म्हणजे कोर्टासारखं की. गुन्हा केलाच नाही असं धरून चालायचं."

"अगदी. आणि काकू, पुरावा कमी पडला म्हणून सुटलेला माणूस निर्दोषच होता, असं काही नसतं. सिद्ध झालं नाही, एवढंच."

हे शेवटचं वाक्य मी ध्यानात ठेवलं. वस्तीनं ठेवलं नाही.

तात्यांनी बशी खाली ठेवली. "ऐकलं का हिंदुराव? तुमची मास्तरीणच सांगती, फरक न्हाय. आता हिरीचं नाव कुणी काढायचं न्हाय."

"तात्या, तसं नाही ते," श्रेया बाहेरूनच म्हणाली. "फरक सापडला नाही, इतकंच मी म्हणते."

"सापडला न्हाय म्हंजी न्हाय. माजी म्हस गोठ्यात सापडली न्हाय, तर ती गोठ्यात हाय असं म्हनू का?"

"मग ती मेली असं तरी कसं म्हणाल?"

तात्या हसले. "बोलायला लई शिकली गं पोरगी. पर आकडा आमच्या बाजूचा हाय."

जाऊबाई आतून आल्या. त्यांना बाकी काही नको होतं, एवढंच विचारलं, "पानी चांगलं हाय ना?"

कुणीच उत्तर दिलं नाही. त्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. ती विहीर त्यांच्या सासऱ्यांनी खोदली. नवी नवरी असताना त्यांनी स्वतः पाट्या वाहिल्या, पहिलं पाणी लागलं तेव्हा हळदकुंकू त्यांच्या हातून पडलं. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मग तिचीच कूस. आता माजा जीव तुटतो तिच्यासाटी, पर माज्या ल्योकाचं मी काय करू?" आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या रडत होत्या हे मी खोटं म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि श्रेया काटेवाडीला गेलो. चारचौघांत बसून ऐकण्याआधी प्रगतीला घरच्या माणसाच्या तोंडून कळावं, एवढाच हेतू. तिचे वडील सोपानराव डेअरीवर गेले होते. प्रगती गोठ्यापुढं दुधाची कॅन घासत बसली होती. हात थांबवले नाहीत तिनं. तिची आई प्रयागबाई दारातच उभी राहिली.

बातमी आमच्याआधीच पोचली होती. "या वकीलसाहेब," ती श्रेयाला म्हणाली. "हारला म्हनं खटला."

"आये, बसू दे त्यांना," प्रगती म्हणाली.

बसलो. प्रयागबाईनं पाणी आणून दिलं, पण तांब्या जरा आपटूनच ठेवला. श्रेयानं सगळं सांगितलं. दवाखान्यानं जन्माच्या नोंदी दाखवल्या, नावं बाहेर न्यायची नाहीत या अटीवर. बोरओढा पत्ता असलेली सगळी बाळं तिनं घेतली, सरासरी काढली. ती तालुक्याच्या सरासरीच्या अगदी शेजारी निघाली. थोडी जास्तच, म्हटलं तर. "मी फार प्रयत्न केला, वहिनी. पण गणिताला आपल्या बाजूनं बोल असं सांगता येत नाही."

प्रगती ऐकत होती. मग तिनं कॅन उपडी ठेवली आणि हात पुसले. "माजी दोन्ही धरली का त्यात?"

"धरली असणारच की. बोरओढ्याची सगळीच घेतलीत."

"असणार नको. बघून सांगा, वन्सं."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. आईला वाटतंच ना, की आपलं लेकरू कुठंतरी मोजलं गेलं असेल. श्रेयानं मोबाईल काढला. बोट वर खाली फिरलं, पुन्हा वर गेलं.

"सव्वा किलोचं कुणीच नाही यात," ती म्हणाली. "वहिनी, दवाखान्यात पत्ता काय दिला होता?"

"मला काय शुद्ध हुती?"

"मी दिला पत्ता," प्रयागबाई म्हणाली. "खिडकीतला बाप्या इचारत हुता, पत्ता सांगा, पत्ता सांगा. माजी लेक आत कन्हतीय. काटेवाडी म्हनलं. मग? मी हितली हाय, लेक माज्या घरात हाय, मी काय बोरओढा सांगनार व्हते?"

"दुसऱ्या वेळेला?"

"दुसऱ्या वेळेलाबी तेच. घर का बदललं हुतं आमचं?"

श्रेयानं मोबाईल मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला. मग मला म्हणाली, "काकू, गेल्या वर्षी वस्तीत कुणाकुणाचं बाळंतपण झालं? आठवेल तशी सांगा."

मी सांगत गेले. कुंडलिकची धाकटी लेक आली होती फलटणहून. तात्यांची नात पुण्याहून आली होती, तिला चांगला गुटगुटीत मुलगा झाला, पेढे वाटले होते. गेणूची थोरली लेक दौंडहून. मी नावं घेत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं. सगळ्या लेकी. आमच्या पाण्यापासून दूर, दुसऱ्याच्या गावात दिवस गेलेल्या, सातव्या महिन्यात इथं आलेल्या. बोरओढ्याच्या नावावर मोजलेली बाळं त्यांची होती.

आणि बोरओढ्याचं पाणी पिऊन ज्यांच्या पोटात बाळ वाढलं, त्या सुना सातव्या महिन्यात ओट्या भरून आपापल्या माहेरी गेल्या होत्या. त्यांची बाळं काटेवाडीत, निमगावात, भिगवणच्या बाजूला लिहिली गेली. प्रत्येकीची आई खिडकीपाशी उभी राहून आपल्याच घराचा पत्ता सांगत होती.

इतकी वर्षं मी त्या वस्तीत राहते. लेकींची बाळं आम्ही डोळ्यांनी बघत होतो, न्हाऊमाखू घालत होतो. सुनांची फक्त कानावर यायची. अमकीचं राहिलं नाही, तमकीचं अशक्त आहे. आम्ही हळहळायचो आणि म्हणायचो, आपल्या लेकींना कसं सगळं सुखरूप होतं, या बाहेरून आलेल्यांचंच काय बाई असं.

"वन्सं," प्रगती म्हणाली, "म्हंजी माजी पोरं काटेवाडीत धरली तुमी?"

"मी नाही धरली, वहिनी. पण धरली गेली."

प्रयागबाई उंबऱ्यावर बसली. "अगं बया. मीच की गं," ती म्हणाली. मग कितीतरी वेळ नुसती जमिनीवर बोट फिरवत राहिली. तिचा दोष काहीच नव्हता. पण ते तिला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

त्यानंतर श्रेया घरोघर फिरली. मी तिच्याबरोबर असायची, कारण एकटी पोरगी गेली तर सासवा दार लावून घेत होत्या. हळदीकुंकवाचं, पारायणाचं निमित्त काढून मी आधी बसायची. मग श्रेया हळूच सुनेला विचारायची, बाळ झालं तेव्हा वजन किती होतं? बायका कागद शोधायला उठल्या नाहीत. ते आकडे त्यांना पाठ होते. काही जणी सांगताना हातातलं काम करत राहायच्या. एकीनं पोळी तव्यावर करपू दिली. नंतर श्रेयानं प्रत्येकीच्या माहेरच्या दवाखान्यातून ते पडताळून घेतलं. एकही चुकीचा निघाला नाही.

हे तात्यांच्या कानावर जायचं ते गेलंच. एका संध्याकाळी ते आले. श्रेयाशी बोललेच नाहीत. हिंदुरावांसमोर बसले, तंबाखू मळत.

"पोरीला आवरा, हिंदुराव."

"शिक्षण हाय तिचं, तात्या. आमी काय आवरनार?"

"शिक्षण हाय, मान्य. पर जरा इचार करा. आपल्या वस्तीत लग्नाची पोरं किती हायती? शेती करनाऱ्याला आदीच कुणी पोरगी देत न्हाय. चांगली बागायत असली तरी इचारत्यात, पुण्यात फ्लॅट हाय का. त्यात ह्या पोरीनं लिहून काढलं का बोरओढ्याचं पानी पोटातलं पोर खातं, मग? कोन देनार लेक?" तंबाखू दाढेत गेली. "एक कूस वाईट म्हनली तर एक घर मोडतं. हीर वाईट म्हनली तर वस्ती मोडती. तुमीच सांगा काय परवडतं."

मी कंदिलाची काच पुसत होते, वीज गेलेली. त्यांना ठाऊक होतं. आकडा येण्याआधीपासून तात्यांना ठाऊक होतं. त्यांनी फक्त हिशेब केला होता की कोणाला वाईट ठरवणं स्वस्त.

हिंदुरावांनी ओसरीबाहेर अंधाराकडं बघितलं. मग म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ 'तुमचंच खरं' असा होतो.

श्रेयाला उत्तर मिळालं तेव्हा ती परसात माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "सापडला, काकू. फरक सापडला. योगायोगानं एवढा पडायचा म्हटलं तर हजारात एकदाही पडायचा नाही." हरवलेल्या माणसाचं प्रेत सापडलं की बायका ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात ती बोलत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

ठरल्या दिवशी आम्ही काटेवाडीला गेलो. हिंदुराव, जाऊबाई, ज्ञानेश, तात्या, श्रेया आणि मी. सोपानरावांनी पडवीत सतरंजी घातली होती. प्रगती दाराआड उभी. कागद तात्यांच्या खिशात होता.

श्रेयानं कुणी काही बोलायच्या आत सांगून टाकलं. आधीचं कसं चुकलं, पत्ते कसे माहेरचे होते, सुनांची बाळं मोजल्यावर काय निघालं. ती शांतपणे बोलली. मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही.

सोपानरावांनी डोळे पुसले. "म्हंजी माज्या लेकीत काय न्हाय."

"थांबा, सोपानराव," तात्या म्हणाले. "श्रेया, मला अडान्याला एक सांग. तू समद्या सुनांचं मिळून काढलंस. बरोबर?"

"हो."

"मग ह्या एकीचं काय? हिची दोन्ही पान्यामुळंच गेली, हिच्यात दुसरा काही दोष न्हाय, असं तुज्या गणितानं ठरलं का?"

मला वाटलं, म्हण पोरी, हो म्हण. एकदा खोटं बोल. मी देवाचं नाव घेऊन असलं मागितलं, त्याचं काय व्हायचं ते होवो.

श्रेया खाली बघत होती. "नाही," ती म्हणाली. "एकीबद्दल ही चाचणी काही सांगत नाही. सगळ्या मिळून सांगते."

"झालं तर मग."

"पण तात्या!" तिचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "मागच्या खेपेला फरक नाही आला, तेव्हाही ते एकीबद्दल नव्हतं. तेव्हा तुम्ही ते बरोबर वहिनीवरच लावलंत. तेव्हा नाही विचारलंत, या एकीचं काय?"

तात्यांनी कान खाजवला.

मग ज्ञानेश बोलला. माझा ज्ञानेश, मी त्याला न्हाऊ घातलंय. त्याला कधी चारचौघांत तोंड उघडता आलं नाही. "मी नेतो हिला," तो म्हणाला. "पानी बाधतं ना? मी जार आणीन. सणसरला फिल्टरचं पानी मिळतं."

"दारात जार उतरला म्हंजी कबूलच की समदं," हिंदुराव म्हणाले.

"रात्रीचा आणीन, आबा. कुनाला दिसनार न्हाय."

तेव्हा प्रगती दाराबाहेर आली. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून, पण बाहेर. ती ज्ञानेशकडं बघून बोलली. "आन् बाकीच्या?"

"बाकीच्या कोन?"

"सुना. तुमी मला रात्री जार आनून पाजनार. मी तो चोरून पिनार. आन् सकाळी भिंतीपल्याडची पोटुशी बाई हिरीचं पानी भरताना मी बघत उभी ऱ्हानार व्हय?"

ज्ञानेशच्या मनात तसं काही वाईट नव्हतं. त्याला तेवढं लांबचं दिसत नव्हतं, इतकंच.

"मला न्हाय यायचं," प्रगती म्हणाली. "द्या तो कागद, तात्या. करते सही."

तात्यांनी कागद काढला. पेन काढलं. सोपानराव "पोरी, पोरी" म्हणत उठायला लागले, तिनं हातानंच त्यांना बसवलं. पेन घेतलं आणि जाऊबाईंसमोर येऊन खाली बसली.

"आत्या, सही करते. पर आदी शब्द द्या. ह्यांचं दुसरं लगीन लावाल, लावा. जी पोरगी येईल तिला साखरपुड्याआदी सांगायचं. पान्यात काय हाय ते. आन् वस्तीतल्या सुनांना आज सांगायचं, घरी गेल्याबरोबर. तुमी सांगायचं. तुमच्या तोंडानं."

"असं सांगितलं तर कोन पोरगी देईल गं?" तात्या म्हणाले.

"ते मी तुमाला न्हाय इचारलं. आत्या, सांगाल का?"

जाऊबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग हिंदुरावांकडं. हिंदुराव सतरंजीचा धागा उपसत होते. जाऊबाईंचे ओठ हलले. मी शेजारीच होते, आवाज आला असता तर मला आला असता.

"सांगाल का, आत्या?"

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी होती तशी घातली, आणि पेन-कागद जाऊबाईंच्या मांडीवर ठेवून आत गेली.

परतताना काटेवाडीच्या फाट्यावर तात्या म्हणाले, "कोर्टात जाऊ म्हनावं," आणि त्याला कुणी हूं केलं नाही.

आज त्याला बराच काळ झाला. सही झालेली नाही. ज्ञानेशला स्थळं बघता येत नाहीत, प्रगतीला मोकळं होता येत नाही. तात्यांनी दोनदा माणूस धाडला. तिनं दोन्ही वेळा तोच निरोप दिला, शब्द आणलाय का? श्रेयाच्या प्रकल्पाला कॉलेजात शाबासकी मिळाली. त्यात गावाचं नाव घालू नको असं सरांनीच तिला सांगितलं, कुणाची बदनामी नको म्हणून. आता ते एका वस्तीचं आहे, इतकंच कळतं.

शेजारच्या गेणूची सून रेश्मा, तिला तिसरा लागलाय. तिला माहेर नाही. आईबाप लहानपणीच गेले, मामानं लग्न लावून दिलं. तिच्या सासूपुढं पाण्याचं काही बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, मी नेम धरलाय. रोज एका गर्भवती सुवासिनीला बाहेरून आणलेलं पाणी कळशीभर द्यायचं, तिनं तेच प्यायचं. कुठल्या पोथीत आहे, तिच्या सासूनं विचारलं नाही. नेम म्हटला की आमच्याकडं कुणी अडवत नाही. रोज सकाळी सणसरहून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याकडून मी फिल्टरच्या पाण्याची कॅन घेते, कळशीत ओतते, पदराखाली झाकून नेते. जाऊबाई बघतात. एकदा त्यांनी मला वाट करून द्यायला दारातलं सूप उचललं.

रेश्माला खरं काय ते मी सांगितलंय, हळू आवाजात. तिनं फक्त मान हलवली.

मला वाटलं, प्रगतीला हे कळलं तर बरं वाटेल. श्रेयाकडून फोन लावून घेतला. सगळं सांगितलं, नेमाचं, कळशीचं, गेणूच्या सुनेचं. पलीकडं म्हशीच्या धारेचा आवाज येत होता. तो थांबला.

"चोरूनच ना, काकू?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो गं."

"कुंडलिकमामाच्या सुनेलाबी गेल्याच महिन्यात दिवस ऱ्हायलेत म्हनं."

मला ते माहीत नव्हतं. मी तसं तिला सांगितलं.

"आता झालं माहीत," ती म्हणाली, आणि धारेचा आवाज पुन्हा सुरू झाला.